व्यापारी येईपर्यंत माशांचं खाद्य बंद ठेवायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव गाळलंय): "आमच्या शेततळ्यात, कागद टाकलेलं आहे, गेल्या पावसाळ्यात पंगासियस माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. आता साधारण तीन हजार मासे आहेत, एकेक पाऊण किलोचा. फेब्रुवारीअखेर व्यापारी माल उचलणार होता पण रेट पडला म्हणून आता एप्रिलमध्ये बघू म्हणतोय. फीडची उधारी वाढलीय. मिस्टर पुण्याला नोकरीला, तळ्याचं सगळं मी आणि भाऊजी बघतो. भाऊजींनी दहा-बारा दिवसांपासून खाद्य एकदम बंद केलंय, म्हणतात मासा उपाशी मरत नाही, थंडीत दोन महिने खात नव्हते तेव्हा काय झालं? सासूबाई म्हणतात मुक्या जिवाला उपाशी ठेवणं पाप आहे. मला बघवत नाही म्हणून भाऊजी गावात गेले की संध्याकाळी मी चार-पाच ओंजळी फीड टाकते, त्यांना माहीत नाही. या आठवड्यात चार मासे मेले, परांच्या बुडाशी लाल झालं होतं. शेजारचे तळेवाले म्हणाले खाद्य बंद आहे म्हणून चारच मेले, नाहीतर जास्त गेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पण आलं होतं की उपवासाने इम्युनिटी वाढते. खरं काय? मी टाकते ते चालू ठेवू का? भाऊजींना कसं सांगू?"

ताई, पत्र वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे तुम्हाला चार बाजूंनी चार गोष्टी ऐकायला मिळतायत आणि गंमत अशी की चारही बोलण्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तुमचा गोंधळ उडालाय. आधी शेवटचा प्रश्न बाजूला ठेवू. भाऊजींना कसं सांगायचं हे काय सांगायचं ते ठरल्यावरच ठरेल ना.

भाऊजींचं म्हणणं घ्या. मासा उपाशी मरत नाही. हे बरंचसं खरं आहे. माशाचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं, अंग गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही, त्यामुळे त्याचं फार थोडक्यात भागतं. युरोपातली ईल, म्हणजे आपल्या वामीसारखी दिसणारी मासळी, अंडी घालायला नद्यांमधून निघून पाच-सहा हजार किलोमीटर लांब सारगासो समुद्राकडे जाते आणि त्या अख्ख्या प्रवासात काही खात नाही. पण निघायच्या आधी ती अंगात चरबी भरून घेते, तिची तयारी असते. तुमचा पंगासियस पण चरबीवाला मासा, पोट फाडलं की पिवळट-पांढरी चरबी दिसते, त्या चरबीवर तो काही आठवडे आरामात जिवंत राहील. म्हणजे तळ्यात सगळे मासे उलटे झालेत असं काही उद्या दिसणार नाही आणि तेच न दिसल्यामुळे भाऊजींना वाटणार की बघा, मी म्हणत होतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. जिवंत आहे म्हणजे ठीक आहे, हे कुणी ठरवलं?

उपाशी माशाच्या अंगात होतं काय तर आधी लिव्हरमधली साठवलेली साखर संपते, मग चरबी जळायला लागते, आणि ते लांबलं की मांसातलं प्रोटीन मोडायला लागतं. आता चरबीतून एनर्जी मिळते पण प्रोटीन काही मिळत नाही, आणि रोगाशी लढायचं जवळजवळ सगळं सामान प्रोटीनचंच असतं. माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीत थर असतो ना जो हाताला लागला की आपण तोंड वाकडं करतो, ती त्याची पहिली तटबंदी. पंगासियसला तर खवलेच नाहीत, त्यामुळे त्याच्यासाठी तो थर फारच महत्त्वाचा. त्यात लायसोझाइम असतं जे बॅक्टेरियाची भिंत फोडतं, अँटीबॉडी असतात, आणखी बरंच काय काय, आणि हा थर सतत धुऊन जात असतो आणि सतत नवीन बनवावा लागतो. रक्तातल्या लढाऊ पेशींचंही तसंच, माशाला आपल्यासारखा हाडातला मगज नसतो, त्याच्या या पेशी किडनीच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात, त्या पण रोज नव्या लागतात. कॉम्प्लिमेंट नावाची जी रक्तातली प्रोटीनं जंतूंना भोकं पाडतात ती मुख्यतः लिव्हर बनवतं, आणि उपाशी माशाचं लिव्हर बारीक होत जातं. आतड्याचं अस्तर पातळ होतं. आणि व्हिटॅमिन सी, ते बहुतेक माशांना माणसासारखंच स्वतःच्या अंगात बनवता येत नाही, खाण्यातूनच यायला लागतं.

घरात पैसे आटले की रखवालदाराचा पगार आधी थांबतो. चोर काही त्याच रात्री येत नाही, त्यामुळे काही दिवस असं वाटतं की बरं चाललंय, खर्च वाचला. भाऊजी सध्या त्या काही दिवसांत आहेत.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत चॅनल कॅटफिश नावाचा मासा तळ्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर पाळतात, आपल्या पंगासियससारखाच बिनखवल्यांचा मिशीवाला, आणि उपासमार आणि रोग यावर त्याच्यावर भरपूर काम झालंय. तिथे २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात काही माशांना दोन ते चार आठवडे उपाशी ठेवलं आणि मग कॉलम्नॅरिस रोगाच्या बॅक्टेरियाशी गाठ घालून दिली (हा रोग कल्ले आणि कातडी कुजवतो, आपल्याकडेही आहे), तर खाऊन-पिऊन असलेल्या माशांपेक्षा उपाशी मासे जास्त मेले. मग २०१३ मध्ये आणखी एक काम आलं, त्यात फक्त सात दिवस खाद्य बंद ठेवलं होतं, आणि तेवढ्यातच कातडी आणि कल्ल्यांमधल्या संरक्षणाच्या कितीतरी जीन्सचं काम बदललेलं दिसलं, लायसोझाइमसारख्या गोष्टी खाली गेलेल्या. सात दिवस! तुमचे दहा-बारा झालेत. आणि मला सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट म्हणजे उपाशी माशाच्या कल्ल्यांमध्ये एक प्रोटीन उलट वाढतं, आणि संशोधकांचं म्हणणं असं की कॉलम्नॅरिसच्या बॅक्टेरियाला चिकटायला त्याचीच मदत होते. म्हणजे पहारा तर कमी झालाच, वर चोराला धरायला दाराला बाहेरून कडी पण बसवून दिली. परत खायला घातलं की ते प्रोटीन पटकन खाली येतं, ही त्यातली चांगली बातमी.

आता "थंडीत काय झालं?" या प्रश्नाकडे येऊ, कारण भाऊजींचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. थंडीत पाणी २० अंशांच्या आसपास होतं, आता मार्चमध्ये २८-३० कडे चाललंय. पाणी दहा अंशांनी वाढलं की माशाच्या अंगातला खर्च ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणून थंडीतले दोन महिने म्हणजे आत्ताचा फार तर एक महिना. थंडीत खाणं त्यांनी स्वतःहून कमी केलेलं, आता त्यांना भूक आहे आणि आपण देत नाही, दोन्ही एकच धरून कसं चालेल. शिवाय थंडीत बॅक्टेरिया पण सुस्त होते. आणि मला वाटतं घरात कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट ही आहे की थंडी फुकट गेली नाही, त्या दोन महिन्यांत माशांनी साठवणीतलं बरंच वापरलेलं आहे, आणि त्यानंतर ते भरून निघायच्या आत ही दुसरी उपासमार आलीय. युरोपात कार्प पाळणाऱ्यांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे, तिथे कार्प मासे हिवाळाभर जवळजवळ न खाता तळाशी बसून असतात आणि मरायला लागतात ते हिवाळ्यात नाही तर वसंतात, पाणी जरा कोमट झालं की. त्या दिवसांत येणाऱ्या एका व्हायरसच्या रोगाच्या नावातच वसंत आहे. जंतू जागे होतात, माशाची ताकद अजून परत आलेली नसते, मधल्या त्या फटीत रोग घुसतो.

शेजारच्या तळेवाल्यांचं मात्र मी हसून सोडून देणार नाही, त्यांच्या बोलण्यात दम आहे. त्याच अमेरिकन कॅटफिशला एक दुसरा रोग होतो, एडवर्डसिएला इक्टालुरी नावाच्या बॅक्टेरियाचा, पाणी साधारण २२ ते २८ अंश असताना येतो, आणि तो आला की मिसिसिपीकडचे शेतकरी खाद्य बंद करतात किंवा खूप कमी करतात आणि त्याने मरतूक कमी होते. कारण हा बॅक्टेरिया बऱ्याच प्रमाणात तोंडावाटे जातो, मासे खायला एका जागी गर्दी करतात, खाण्याबरोबर ते पाणी आणि त्यातली घाण पोटात जाते. तर बघा, मासा तोच, उपास तोच, एका रोगात उपास मारतो आणि दुसऱ्या रोगात वाचवतो. आणि हाच एडवर्डसिएला इक्टालुरी व्हिएतनाममध्ये पंगासियसचा मोठा शत्रू आहे, मेलेला मासा फाडला तर किडनी, लिव्हर आणि प्लीहेवर पांढरे ठिपके दिसतात. परांच्या बुडाशी लाल होणं मात्र बऱ्याच रोगांत होतं, एरोमोनास नावाच्या बॅक्टेरियाच्या रोगात पण होतं, त्यामुळे नुसत्या लाल रंगावरून शेजारी पण काही सांगू शकत नाहीत आणि मी पण नाही.

पण शेजाऱ्यांनी एक गोष्ट उलटी धरलीय. तिकडे रोग आला म्हणून खाद्य काही दिवस बंद करतात, तुमच्याकडे खाद्य बंद होतं आणि मग मासे मेले. आधी काय झालं आणि नंतर काय हे जरा तपासून बघा, तुम्हीच लिहिलंय की मासे "या आठवड्यात" मेले.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल फार लिहीत नाही. २०१६ साली ओसुमी या जपानी शास्त्रज्ञांना पेशी स्वतःचाच कचरा कसा मोडून वापरतात या कामासाठी नोबेल मिळालं, ते काम यीस्टवरचं होतं, तिथून फॉरवर्ड होत होत ते उपवासाच्या फायद्यांपर्यंत आलं आणि आता तुमच्या तळ्यापर्यंत पोचलंय. माशांवर उपासाचा परिणाम कसा होतो याचे जे अभ्यास आहेत ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत हे खरंय, काही जातींमध्ये थोड्या दिवसांच्या उपासाने रक्तातल्या काही गोष्टी जागेवरच राहतात, काही ठिकाणी सुरुवातीला वाढतात सुद्धा. पण थोडे दिवस वेगळे आणि एप्रिलपर्यंतचे पाच-सहा आठवडे वेगळे, आणि रक्तातला एक आकडा वाढला म्हणजे मासा रोगातून वाचला असं नाही. शिवाय आपल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी असते, सासूबाईंना विचारा.

सासूबाईंवरून आठवलं, पापाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. माशांना भूक लागते, भुकेचं घ्रेलिन नावाचं जे हार्मोन माणसात असतं ते माशातही असतं. फक्त आपली दोन वेळची भूक त्यांच्यावर लादू नका, मोठ्या माशाला एक दिवस खायला मिळालं नाही म्हणजे तो तळमळत बसलाय असं नाही. पंगासियस वर येऊन तोंड उघडतो ते पण भुकेनेच असं समजू नका, तो हवेतला श्वास घेऊ शकणारा मासा आहे, पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की जास्त वेळा वर येतो. संध्याकाळी तुम्हाला ज्यामुळे बघवत नाही त्यातलं थोडं ते असेल. आणि ते असेल तर ती वेगळी काळजी आहे, कारण पंगासियस वाईट पाण्यात टिकून राहतो म्हणून पाणी वाईट झालेलं आपल्याला उशिरा कळतं.

आता तुमच्या त्या ओंजळी. रागावणार नाही, त्यामागचं मन कळतं. पण हे थांबवा, ताई. चार-पाच ओंजळी म्हणजे फार तर एक-दीड किलो, आणि तळ्यात माल आहे साडेबावीस क्विंटल. तेवढं फीड पडलं की जे आधीच दांडगे आहेत ते येऊन खाणार, बारक्यांना दाणा मिळत नाही, वर धक्काबुक्कीत अंगावर ओरखडे मात्र मिळतात, आणि ओरखडा म्हणजे त्या बुळबुळीत थराला पडलेलं भोक. म्हणजे तुमच्या दयेचा फायदा ज्यांना गरज नाही त्यांनाच होतोय. दुसरं म्हणजे भाऊजी एक प्रयोग करतायत, खाद्य बंद ठेवून काय होतं ते बघतायत, आणि तुम्ही गुपचूप त्यात भर घालताय, उद्या मासे बरे राहिले तर ते म्हणणार बघा काही न देता राहिले, आणि पुढच्या वर्षी परत हेच.

मग करायचं काय. पूर्ण चालू आणि पूर्ण बंद याच्यामध्ये बरीच जागा आहे.

साडेबावीस क्विंटलला रोज दोन टक्के धरलं तर ४५ किलो फीड, पाच आठवड्यांचं जवळजवळ १६ क्विंटल होतं, एवढी उधारी कुणालाच नको वाटेल, भाऊजींचं टेन्शन खोटं नाहीये. पण आत्ता मासे वाढवायचे नाहीत, फक्त टिकवायचेत. त्यासाठी दिवसाआड द्या. ३५ किलोची गोणी असेल तर दिवसाआड एक गोणी, म्हणजे त्या दिवशी वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास, पाच आठवड्यांत १८ गोण्या लागतील, रोजच्या हिशोबाने ४५ लागल्या असत्या. आणि रोज अर्धी गोणी टाकण्यापेक्षा दिवसाआड पूर्ण गोणी बरी, कारण थोडं टाकलं की परत दांडगेच खातात, एकदम पुरेसं पडलं की मोठ्यांची पोटं भरतात आणि मग बारके पुढे येतात. तळ्याच्या एकाच कोपऱ्यातून टाकू नका, चारी बाजूंनी टाका. कॅटफिशवाल्यांकडे दिवसाआड खाद्य ही जुनी पद्धत आहे, वाढ थोडी कमी होते पण फीडचा हिशोब सुधारतो.

मात्र उद्याच पूर्ण गोणी ओतू नका हं. दहा-बारा दिवस रिकामं राहिलेलं आतडं आहे, आणि भरपूर खाल्लं की माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि अमोनिया जास्त सुटतो, आधीच मार्चमध्ये तळ्यातलं पाणी उतरलेलं असतं. पाव गोणीने सुरू करा, पंधरा-वीस मिनिटांत संपतंय का बघा, आठवडाभरात हळूहळू वाढवा. राहिलं तर पुढच्या वेळी कमी. सकाळी ऊन वर आल्यावर द्या, पहाटे नको. आणि गोण्या कोपऱ्यात ओलीला पडल्या असतील, गाठी झाल्या असतील, कुबट वास येत असेल तर ते फीड पैसे वाचवायला म्हणून वापरू नका, बुरशीचं विष माशाची प्रतिकारशक्ती आणखी खाली नेतं, त्यापेक्षा उपास बरा. स्वस्त म्हणून पेंड-कोंड्याचे गोळे देतात लोक, पंगासियस खातो पण, थोडं चालेल पण ते तळाला बसतं आणि कागदाच्या तळ्यात तिथेच सडतं, त्यामुळे त्याच्यावर सगळी भिस्त नको.

अर्थात हे सगळं मरतूक वाढत नसेल तर. उद्यापासून रोज मेलेले मासे मोजायचे आणि वहीत लिहायचे. एखाद-दुसरा असेल तर वरचं चालू ठेवा. रोज आकडा वाढतोय असं दिसलं तर दोन-तीन दिवस खाद्य थांबवा (इथे शेजारी बरोबर) आणि त्या दोन-तीन दिवसांत रोग कोणता ते शोधून घ्या, नुसतं थांबवून बसू नका. मरायला टेकलेला एखादा मासा बर्फावर ठेवून त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या ऑफिसात न्या, सडलेला नेऊन काही कळत नाही. फोनवरून कळवायला केंद्र सरकारचं रिपोर्ट फिश डिसीज नावाचं अ‍ॅप पण आहे, २०२३ मध्ये आलं. दुकानदार अँटीबायोटिक देईल, विचारल्याशिवाय घेऊ नका, एक तर ते फीडमधूनच द्यावं लागतं आणि आजारी मासा खातच नाही त्यामुळे ते निरोग्यांच्या पोटात जातं, आणि दुसरं म्हणजे महिन्याभरात हा मासा लोकांच्या ताटात जायचाय. मेलेले मासे तळ्यापासून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरा, बांधावर टाकू नका, कावळे-कुत्री ते शेजाऱ्याच्या तळ्यात नेतात.

आणखी एक विचार करा, सगळा माल एकाच व्यापाऱ्याने एकाच दिवशी उचलायला पाहिजे असं कुठे आहे? आठवडी बाजारासाठी दर आठवड्याला मोठे मोठे दीड-दोनशे मासे काढले तर उधारीला थोडा पैसा येतो, तळ्यातली गर्दी कमी होते, फीड कमी लागतं, पाणी सुधारतं, आणि बारक्यांना खायला मिळतं. मला तर हाच सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. फक्त आत्ता लगेच जाळं ओढू नका, उपाशी आणि वर जाळ्यात घासलेला मासा म्हणजे कॉलम्नॅरिसला आमंत्रण. आठ-दहा दिवस खाऊ द्या, मग गार वेळेला ओढा.

बाकी वाचकांसाठी दोन गोष्टी, कारण हाच प्रश्न वेगळ्या रूपात बरेच जण विचारतात. पिल्लांना हे काही लागू नाही. रोहू-कटल्याच्या मत्स्यजिऱ्याची पोटातली शिदोरी साधारण तीन दिवसांत संपते आणि त्यानंतर त्याला खायला मिळालंच पाहिजे, तिथे काटकसर केली तर रोगाची वाट पण बघावी लागत नाही. आणि घरी फिश टँक असणाऱ्यांनो, चार-पाच दिवस गावाला जाताना मोठ्या निरोगी माशांना काही होत नाही, शेजाऱ्याच्या मुलाकडे डबा देऊन जाऊ नका, उपासापेक्षा जास्त मासे त्या डब्याने मरतात.

आता भाऊजी. ताई, त्यांच्याशी पाप-पुण्यावरून बोलायला जाऊ नका आणि "एका ठिकाणी वाचलं" असं म्हणून तर अजिबातच नको. त्यांना पैशाची काळजी आहे तर पैशावरूनच बोला. ताणकाटा आणि घमेलं घ्या, त्यांनाच सांगा भाऊजी दहा-पंधरा मासे काढून वजन करू या, हळू हाताने, आणि जानेवारीत किंवा फेब्रुवारीत केलेलं वजन वहीत असेल त्याच्याशी लावून बघू. मासा डोक्याने मोठा आणि पाठीने बारीक दिसायला लागला असेल तर ते त्यांच्या डोळ्यांना तुमच्याआधी दिसेल, तेही तळ्यावर रोज असतात. समजा दहा टक्के वजन उतरलं, तर सव्वादोन क्विंटल मासा तळ्यातल्या तळ्यात गायब झाला, व्यापारी त्याचे पैसे देणार नाही, उलट बारीक मासा बघून आणखी रेट पाडेल. ते एका बाजूला आणि १८ गोण्यांचा खर्च दुसऱ्या बाजूला, असा हिशोब त्यांच्यासमोर मांडा, आकडे त्यांनाच करू द्या.

ओंजळींचं पण सांगून टाका, पण सगळ्यांसमोर नको, आणि कबुलीजबाब दिल्यासारखं नको. "मी मध्ये मध्ये थोडं टाकत होते, म्हणून तुमचा अंदाज चुकायला नको" एवढं पुरे. चिडतील थोडे. मिस्टरांना फोन करून मध्ये घेऊ नका, दोघांनी रोज एकाच तळ्यावर काम करायचंय तर पुण्याहून आलेल्या निकालाने ते सोपं होणार नाही.

आणि भाऊजी जिथे बरोबर आहेत तिथे ते मान्य करा, कारण खाद्य बंद करायची वेळ खरंच येणार आहे. माल निघायच्या आधी एक-दोन दिवस काहीच द्यायचं नाही, पोट रिकामं असलं की मासा गाडीत घाण करत नाही, अमोनिया कमी सुटतो, बर्फात जास्त टिकतो. ते काम त्यांच्याकडे द्या. त्यासाठी व्यापाऱ्याकडून एक गोष्ट आत्ताच कबूल करून घ्या की येणार असेल तर तीन दिवस आधी फोन करायचा, सकाळी गाडी उभी करून नाही.